इंग्रजी वाक्प्रचार: अर्थ पाठ करण्याआधी एवढं बघा

इंग्रजी वाक्प्रचारांची कुठलीही यादी उघडा, पहिल्या पाच-दहांत ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ सापडणारच. अर्थ दिलेला असतो: मुसळधार पाऊस पडतोय. अर्थ बरोबरच आहे. पण रोजच्या बोलण्यात हे वाक्य आता फारसं कुणाच्या तोंडी नसतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते खिडकीबाहेर बघतात, ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात आणि छत्री शोधायला लागतात.

याद्यांची खोट इथेच आहे. वाक्प्रचार कोण कुणाशी बोलताना वापरतं, त्यातला सूर गमतीचा की टोमण्याचा, त्यातला कुठला शब्द बदलता येतो आणि कुठला नाही, हे त्या सांगत नाहीत. फजिती होते ती नेमकी या जागांवर. म्हणून सुरुवातीलाच एक हिशेब मनाशी पक्का करा: ओळखता शेकडो यायला हवेत, वापरायला मात्र वीस-पंचवीस भरपूर झाले. कित्येक वाक्प्रचार असे आहेत की दहा लाख शब्दांचा मजकूर चाळला तरी एकदाही भेटत नाहीत. त्यांच्यावर घाम गाळण्यात अर्थ नाही.

आधी ओळखा, मग कोश उघडा

वाक्यातले शब्द सगळे ओळखीचे, तरी अर्थ काही लागत नाही, तिथे बहुतेक वेळा वाक्प्रचार दडलेला असतो. ‘शी गॉट कोल्ड फीट बिफोर द वेडिंग’ या वाक्यात थंडीचा काही संबंध नाही. आयत्या वेळी तिने कच खाल्ली. दुसरी खूण म्हणजे अवचित आलेला ‘द’. बंदुकीचा विषयच नसताना कुणी ‘द बुलेट’ म्हणालं किंवा होडीचा विषय नसताना ‘द बोट’ म्हणालं, की कान टवकारा. ‘बाइट द बुलेट’ म्हणजे मन घट्ट करून नकोशी गोष्ट एकदाची उरकून टाकणं. ‘मिस द बोट’ म्हणजे संधी हुकणं.

काही वाक्प्रचारांचा शब्दशः अर्थही लागू शकतो, तिथे प्रसंग बघावा लागतो. ‘हिज हँड्स वेअर टाइड’ हे दरोड्याच्या बातमीत आलं तर त्याचे हात खरोखरच बांधलेले होते. तेच बँकेतल्या माणसाबद्दल म्हटलं तर नियमांपुढे त्याला काही करता येत नव्हतं.

शोधण्यासाठी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि लाँगमन या तिन्हींचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. शोधताना क्रियापद मूळ रूपात आणा (‘स्पिल्ड’चं ‘स्पिल’), ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’च्या जागी ‘समवन्स’ किंवा ‘युअर’ घाला आणि पूर्ण तुकडा टाइप करा. नाही सापडला, तर त्यातल्या मुख्य नामाच्या नोंदीवर जा आणि पानाच्या तळाशी ‘इडियम्स’ असा भाग असतो तो बघा. अर्थाच्या आधी बारीक अक्षरात लिहिलेला शेरा मात्र सोडू नका. ‘इन्फॉर्मल’ असेल तर अर्जात घालायचा नाही. ‘ओल्ड-फॅशन्ड’ असेल तर फक्त समजून घ्यायचा. ‘डिसअप्रूव्हिंग’ असेल तर तो नावं ठेवायला वापरतात. कौतुकाच्या ओघात तो गेला की समोरचा दुखावतो. भाषांतर करणाऱ्या ॲपवर पहिली मदार ठेवू नका. ती कधी बरोबर अर्थ देतात, कधी शब्दाला शब्द ठेवून मोकळी होतात, आणि कुठल्या वेळी काय झालं हे नवख्याला कळायला मार्ग नसतो.

‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ अशी जोडक्रियापदं हा निराळा कारखाना आहे. ती वेगळी शिका, इथे मिसळू नका.

साचा तपासा

वाक्प्रचार म्हणजे गोठलेले शब्द, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. काही भाग गोठलेला असतो, काही हलता असतो, आणि चुका होतात त्या या दोन्हींची अदलाबदल झाल्यामुळे.

हलता भाग आधी बघू. कोशात ‘मेक अप युअर माइंड’ (निर्णय पक्का करणं) असं दिलेलं असतं, पण त्यातला ‘युअर’ कर्त्याप्रमाणे बदलतो: ‘आय मेड अप माय माइंड’, ‘दे मेड अप देअर माइंड्स’. काळही बदलतो. या उलट ‘होल्ड युअर हॉर्सेस’ (जरा दमानं घ्या) हा आज्ञेतच शोभतो.

गोठलेल्या भागात वचन आणि ‘अ’, ‘द’ येतात. ‘इट कॉस्ट मी ॲन आर्म अँड अ लेग’, म्हणजे खिशाला भलतीच चाट बसली. इथे ‘आर्म्स अँड लेग्ज’ केलं की वाक्प्रचार मोडतो आणि ऐकणाऱ्याला अपघात आठवतो. ‘आउट ऑफ द ब्लू’ म्हणजे ध्यानीमनी नसताना. त्याचं ‘ब्लूज’ करू नका, कारण ‘द ब्लूज’ म्हणजे उदासी. समारोपाच्या भाषणांत हटकून ऐकू येणारी चूक म्हणजे ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’. त्यात ‘द’ नाही. ‘लास्ट बट नॉट लीस्ट’ एवढंच आहे. तसंच विचाराला एक रात्र मागायची तर ‘स्लीप ऑन इट’ म्हणायचं, ‘स्लीप ओव्हर इट’ नाही.

कर्मणी प्रयोगात काही टिकतात, काही नाही. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं, आणि ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ हे चालून जातं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की कुणीतरी खरंच बादलीला लाथ मारली. याचं कारण कळलं की पाठांतर वाचतं. पहिल्यात शब्दाशब्दाला अर्थ वाटून देता येतो: ‘बीन्स’ म्हणजे गुपितं आणि ‘स्पिल’ म्हणजे बाहेर सांडणं. ‘बकेट’ला असा स्वतःचा वाटा नाही, तिथे तीन शब्द मिळून एकच अर्थ होतो. नवा वाक्प्रचार भेटला की ही वाटणी करून बघा. जमली तर तो थोडाफार वाकवता येतो, नाही जमली तर हात लावू नका.

आणखी एक गट नकारातच राहतो. ‘दॅट आर्ग्युमेंट डझन्ट होल्ड वॉटर’ (हा मुद्दा टिकत नाही) हे सहज ऐकू येतं, होकारार्थी रूप क्वचित. ‘वी डोन्ट सी आय टू आय’ म्हणजे आमचं पटत नाही. तोही नकारासोबतच जास्त फिरतो. ‘नॉट माय कप ऑफ टी’ (आपल्याला काही रुचत नाही) हाही तसाच, शिवाय नकार द्यायला सभ्य. वहीत उतरवताना तो ‘नॉट’ही सोबत उतरवा.

मराठीचे सापळे

मराठी येणाऱ्याला इंग्रजी वाक्प्रचार सोपे जातात, कारण बरेच सरळ जुळतात. एका दगडात दोन पक्षी तिकडेही मारतात, जखमेवर मीठ तिकडेही चोळतात. पण या ओळखीमुळेच पाय घसरतो. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे काही नीट पाहून ठेवा.

‘पुल समवन्स लेग’ म्हणजे गंमत म्हणून काहीतरी खोटंनाटं सांगून एखाद्याची फिरकी घेणं. मराठीत पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. तेव्हा ‘माझे सहकारी माझे पाय ओढतात’ हे इंग्रजीत शब्दशः नेलंत तर तक्रार कुणाला कळणारच नाही. ऑफिसात बरीच हसतीखेळती मंडळी आहेत, एवढाच निष्कर्ष निघेल. आपल्याला म्हणायचं ते ‘दे कीप होल्डिंग मी बॅक’.

‘कीप ॲन आय ऑन माय बॅग’ म्हणजे माझ्या बॅगेकडे जरा लक्ष ठेवा. मराठीत एखाद्याच्या वस्तूवर डोळा ठेवणं म्हणजे ती हडपायचा विचार करणं. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅव युअर आय ऑन समथिंग’ जवळचं, पण त्यातही हडपण्यापेक्षा ‘मनात भरलंय, घ्यायचं आहे’ हा भाव जास्त.

‘वॉश युअर हँड्स ऑफ इट’ म्हणजे हात झटकून मोकळं होणं. आपल्याकडे हात धुऊन घेतो तो संधी साधतो, आणि हात धुऊन पाठीस लागतो तो पिच्छाच सोडत नाही. तीन हात धुणी, तीन दिशा.

‘डोन्ट टेक इट टू हार्ट’ म्हणजे मनाला लावून घेऊ नका. पटकन भाषांतर करताना ते ‘मनावर घेऊ नका’ असं होतं, आणि मग ऐकणारा म्हणतो, ‘बरं, नाही करत मग ते काम!’

सर्वांत फसवं आहे ते तेल. आगीत तेल ओतणं याला इंग्रजीत ‘ॲड फ्युएल टू द फायर’ म्हणतात. ‘फ्युएल’च्या जागी ‘ऑइल’ घालायचा मोह होतो, पण इंग्रजीत ‘पोअर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स’ हा वेगळाच वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ अगदी उलट: भांडण निवळवणं. तिथे तेल खवळलेल्या पाण्यावर पडतं आणि लाटा शांत होतात. कुणाबद्दल ‘ही पोअर्ड ऑइल...’ अशी सुरुवात केलीत, तर ऐकणारा त्याला शांतिदूत समजून बसेल.

उलटा प्रवासही जपून करा. ‘डोकं खाऊ नको’चं ‘डोन्ट ईट माय हेड’ होत नाही. ‘स्टॉप बगिंग मी’ म्हणा, तेही बरोबरीच्या माणसाला.

सूर आणि माणूस

‘किक द बकेट’चा अर्थ मरणं हा असला तरी त्याचा सूर ‘गचकणं’चा आहे. दुखवट्याच्या संदेशात तो गेला तर संबंध तुटतील. तिथे ‘पास्ड अवे’ लिहायचं. प्रत्येक नव्या वाक्प्रचाराला हाच प्रश्न विचारा: याच अर्थाचे मराठीत चार शब्द असते, तर हा कुठल्या शब्दाच्या पंगतीला बसला असता?

‘होल्ड युअर हॉर्सेस’ मित्राला चालतो, साहेबांना नाही. ‘कट कॉर्नर्स’ म्हणजे वेळ किंवा पैसा वाचवायला काम नीट न करता कसंबसं उरकणं. हा नेहमी आरोपच असतो. आपण हुशारीने काम लवकर संपवलं हे सांगायला मुलाखतीत ‘आय कट कॉर्नर्स’ म्हणालात तर नोकरी गेलीच. ‘ब्रेक अ लेग’ ही शुभेच्छा रंगमंचावरची; नट, गायक, भाषण करणारे यांच्यासाठी शोभते, परीक्षेला किंवा मुलाखतीला निघालेल्यालाही हसत देता येते. गिर्यारोहणाला निघालेल्याला देऊ नका.

एकाच क्रियापदाची भावंडं एकत्र पाठ केली की गोंधळ हमखास. ‘हिट द रोड’ म्हणजे निघणं, ‘हिट द सॅक’ म्हणजे झोपणं, ‘हिट द रूफ’ म्हणजे रागाचा पारा चढणं आणि ‘हिट द नेल ऑन द हेड’ म्हणजे नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवणं. चारही एका दिवशी शिकलात तर आठवड्याभराने साहेब झोपायला गेले की भडकले हे सांगता येणार नाही. दोघांच्या मध्ये निदान आठवडा जाऊ द्या. विषयवार याद्या (प्राण्यांचे, रंगांचे, शरीराचे) छान दिसतात खऱ्या, पण त्याही याच कारणाने फसतात.

ऑफिसातली एक मेल

वाक्प्रचारांची सर्वांत दाट पेरणी कामाच्या ठिकाणी असते. ही नमुन्यादाखल चार वाक्यं:

‘लेट्स टच बेस ऑन थर्सडे. द क्लायंट हॅज मूव्हड द गोलपोस्ट्स अगेन, सो वी आर बॅक टू स्क्वेअर वन. कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर बाय टुमॉरो? नो नीड टू रीइन्व्हेंट द व्हील.’

‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेणं. पाच-दहा मिनिटांचं बोलणं अपेक्षित आहे, तासाभराचं सादरीकरण करून नेऊ नका. ‘मूव्ह द गोलपोस्ट्स’ म्हणजे ठरलेल्या अटी मध्येच बदलणं. यात राग आहे, तेव्हा ही मेल चुकूनही क्लायंटला फॉरवर्ड करू नका. ‘बॅक टू स्क्वेअर वन’ म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा. बेसबॉलचं मैदान असतं ते बॉलपार्क, आणि आकडा त्या मैदानात कुठेतरी पडला तरी चालतं. उत्तरात ‘४० ते ५० तास’ असं लिहा. ‘४३.५ तास’ लिहिलंत तर तो पक्का शब्द धरला जाईल. शेवटचं वाक्य सांगतं की जे आधीच तयार आहे ते नव्याने करत बसू नका. म्हणजे जुनी फाइल उघडायची आणि तिच्यात बदल करायचे.

अटलांटिकच्या दोन बाजू

ब्रिटिश आणि अमेरिकी वाक्प्रचारांत बहुतेक फरक निरुपद्रवी आहेत. ऐकीव गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवू नये हे सांगताना ब्रिटिश मीठ चिमूटभर घेतात, ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’, आणि अमेरिकी कणभर, ‘अ ग्रेन ऑफ सॉल्ट’. दृष्ट लागू नये म्हणून ब्रिटिश ‘टच वुड’ म्हणतात, अमेरिकी ‘नॉक ऑन वुड’. पेल्यातलं वादळ ब्रिटनमध्ये चहाच्या कपात येतं, अमेरिकेत किटलीत. कुठलंही एक वापरा, समजेल. एका लेखात दोन्ही मिसळू नका, इतकंच.

एक शब्द मात्र धोक्याचा आहे. बैठकीत ‘लेट्स टेबल इट’ याचा ब्रिटिश अर्थ ‘हा विषय चर्चेला घेऊ’ आणि अमेरिकी अर्थ ‘हा विषय तूर्त बाजूला ठेवू’. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत यावरून बराच वेळ वाद झाला आणि शेवटी दोघांनाही एकच हवं होतं हे उघड झालं, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलं आहे. दोन्हीकडची माणसं असतील तर हा शब्द टाळा; ‘डिस्कस’ किंवा ‘पोस्टपोन’ म्हणा.

उगमाच्या कहाण्यांचंही इथेच सांगून टाकू. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ जिवंत पुरलेल्या माणसाच्या शवपेटीतल्या घंटेवरून आला, ही गोष्ट इंटरनेटवर भरपूर फिरते. तो बॉक्सिंगमधून आला आहे: फेरी संपल्याची घंटा वाजली आणि मार खाणारा वाचला. कहाणी जितकी रंगतदार, तितका संशय घ्यावा. अर्थ लक्षात राहायला तिची मदत होत असेल तर खुशाल ठेवा, फक्त दुसऱ्याला खरी म्हणून सांगू नका.

वहीत काय लिहायचं

आठवड्याला पाच, जास्त नाहीत. प्रत्येकासाठी चार गोष्टी: जिथे भेटला ते अख्खं वाक्य, कोण कुणाला म्हणालं, मराठीत त्या प्रसंगी आपण काय म्हटलं असतं, आणि स्वतःच्या कामातलं एक वाक्य. मराठी रकान्यात व्याख्या नको, बोलण्यातलं वाक्य हवं. ‘इट रिंग्ज अ बेल’ याच्यापुढे ‘ओळखीचे वाटणे’ लिहिण्यापेक्षा ‘नाव ऐकल्यासारखं वाटतंय खरं’ असं लिहा. पूर्ण आठवत नाहीये हा अर्धवटपणा त्यात आपोआप येतो. नोंद दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी झाकून आठवा. एकविसाव्या दिवसापर्यंत तो पुन्हा कुठेही वाचनात-ऐकण्यात आला नसेल, तर ‘फक्त ओळखण्यापुरता’ अशी खूण करून पुढे चला.

बोलायला सुरुवात करायची ती बिनधोक वाक्यांनी. ‘सो फार, सो गुड’: आतापर्यंत तरी ठीक चाललंय. ‘लेट्स कॉल इट अ डे’: आजच्यापुरतं पुरे, संध्याकाळी सातलाही चालतं. ‘कीप मी पोस्टेड’: कळवत राहा. ‘इट स्लिप्ड माय माइंड’: डोक्यातून निघूनच गेलं, किरकोळ विसरण्यासाठी ठीक, चुकलेल्या महत्त्वाच्या तारखेसाठी नाही. ‘लाँग स्टोरी शॉर्ट’ म्हटलंत तर पुढे खरोखर थोडक्यात सांगा.

एका परिच्छेदात एकच वाक्प्रचार घाला. दोन शेजारी आले की त्यांची चित्रं एकमेकांवर आदळतात: चेंडू त्यांच्या कोर्टात, आणि आपण होडी चुकवलेली. आणि समोरच्यालाही इंग्रजी परकंच असेल तर साधी भाषाच बरी.

उच्चारात सगळे शब्द सारख्या जोराने म्हणू नका. ‘पीस ऑफ केक’ (डाव्या हातचा मळ) ऐकताना ‘पीसअकेक’ असा येतो, जोर ‘केक’वर. सुटं सुटं म्हटलं की ऐकणारा क्षणभर खऱ्या केकचा विचार करतो.

बैठकीत एखादा वाक्प्रचार डोक्यावरून गेला तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नका. ‘व्हॉट डू यू मीन?’ असं धाडकन विचारलं की ते आव्हान वाटतं. त्याऐवजी जे समजलं ते साध्या इंग्रजीत परत म्हणून दाखवा: ‘सो वी स्टार्ट ओव्हर, राइट?’ बरोबर असेल तर ‘यस’ येईल, चूक असेल तर समोरचा स्वतःच सोपं करून सांगेल. आणि कुणी तुमच्या प्रस्तावावर ‘लेट मी स्लीप ऑन इट’ म्हणालं, तर तो होकारही नाही आणि नकारही नाही. उद्या किती वाजता विचारू, एवढं ठरवून घ्या.